पान तीनवरची बारावी

४ ऑगस्ट

ताई,

सोबत आमच्या शाळांच्या पत्रकाची, यंदाच्या ‘फाटक’ची प्रुफं पाठवते आहे. शाळा उघडायला नऊ दिवस राहिलेत आणि इथे प्रत्येकाला आपलीच बातमी पहिल्या पानावर हवी आहे. आमच्या विभागात शाळा सात, पण मुख्याध्यापकांचे रुसवे सत्तर. पाच नंबरच्या शाळेला बुद्धिबळाची ढाल मिळाली, दोन नंबरला नवी प्रयोगशाळा झाली, सहा नंबरवाले म्हणतात आमच्याकडे काही झालं नाही तरी अर्धं पान द्या. दिलं.

आमची चार नंबरची शाळा पान तीनवर आहे. बॅंडचा फोटो बघ. मोठा ढोल यंदाच आलाय, अगदी कोरा, माझ्या कमरेच्या वर येतो. पान चारवर बसच्या वेळा, बागकामाचा तास आणि बॅंडचा सराव : दर गुरुवारी तीन वाजता, पालकांनी अवश्य यावे. तुझी लाल पेन्सिल सगळ्यांवरून फिरव. गेल्या वर्षी तू एकोणीस चुका काढल्यास म्हणून आमचे सर अजून मला ‘एकोणीस’ म्हणतात.

कानाचं यंत्र नीट चालतंय का? तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या शाळेला ऐकू जातं, एक तू सोडून. त्यामुळे पत्रच बरं.

तुझी धाकटी

७ ऑगस्ट

धाकटे,

सव्वीस. म्हणजे प्रगती नाही.

बसच्या वेळांत ‘सकाळी सात पन्नास’ आणि खाली कोष्टकात ‘सात पंधरा’. पोरं पस्तीस मिनिटं रस्त्यावर उभी राहतील, त्याचं काय? सहा नंबरच्या अर्ध्या पानात ‘उत्साह’ हा शब्द सात वेळा आलाय, चार मी खोडले.

आता मुख्य गोष्ट. पान तीन. फोटोखाली नावं अकरा, फोटोत मुलं बारा. मी भिंगातून तीनदा मोजली. बारावी मोठ्या ढोलामागे आहे, चेहरा दिसत नाही, पण काठी धरलेली मूठ दिसते. डावखुरी आहे. तिचं नाव कळव. छापखान्यात एकतीस वर्षं काढली मी, फोटोत माणूस आणि खाली नाव नाही, असं माझ्या हातून कधी गेलेलं नाही.

छापून झालं की नेहमीप्रमाणे एक जादा प्रत पाठव. वाचनालयाच्या मांडणीत ठेवते. तुला वाटतं कोण वाचतं इतक्या लांबच्या शाळांचं पत्रक, पण वाचतात. गेल्या वर्षीची प्रत हाताळून हाताळून मऊ झाली होती.

यंत्र खरखर करतं. वहीवर लिहून दाखवा म्हणते लोकांना. निदान लोक विचार करून बोलतात.

ताई

१२ ऑगस्ट

ताई,

पत्रक छापून आलं, दोन प्रती सोबत आहेत. उद्या शाळा उघडते. हात शाईने बरबटलेत, फळ्यावर स्वागताचं लिहून झालंय, शिपाईकाकांनी घंटा घासून पितळ पिवळंधमक केलंय.

बारावीचं मनावर घेऊ नकोस. लाजाळू पोर आहे, घरच्यांना नाव छापलेलं आवडत नाही, इतकंच. अकराच राहू दे. दरवेळी माझ्या मागे पेन्सिल घेऊन लागायला हवं असं नाही.

घाईत,
तुझी धाकटी

१७ ऑगस्ट

धाकटे,

लाजाळू असेल तर फोटोत घेऊ नये, आणि घेतलं तर नाव द्यावं. असो. चिडलीस हे अक्षरावरून कळलं.

पण तुला एक गंमत सांगते. मंगळवारी पत्रक वाचनालयात ठेवलं. काल गेले तर एक गृहस्थ मांडणीपाशी उभ्याने ते वाचत होते. मी वर्तमानपत्र पूर्ण वाचलं, शब्दकोडं सोडवलं, तरी ते पान तीनवरच. न राहवून मी म्हटलं, हे पत्रक माझी बहीण काढते. त्यांनी माझ्या वहीवर लिहिलं, “नावं अकरा आहेत, मुलं बारा.” अगं, मला मिठीच मारावीशी वाटली! एवढ्या वर्षांत पहिला माणूस भेटला, ज्याला मोजता येतं. मग त्यांनी लिहिलं, “ढोलवाली डावखुरी आहे ना?” मी म्हटलं, तेच मी बहिणीला कळवलं होतं.

लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करतात. फार शांत माणूस. शाळेला बस कुठून मिळते विचारलं, मी पान चार उघडून दाखवलं, सरावाची वेळही दाखवली. त्यांना संगीताची आवड असावी. तुझंही कौतुक केलं मी. काही शंका असली तर घरी या म्हटलं, वाचनालयाच्या मागचीच गल्ली.

बघ, तुझं ‘फाटक’ कुठवर पोचतं ते.

ताई

२० ऑगस्ट, सोमवार

ताई,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. वर्गात जाऊन मुलांना गणितं घातली, काय घातली आठवत नाही. तुझ्या वाचनालयात फोन लावला, पण सोमवारी बंद असतं. उद्या सकाळी पुन्हा लावते. तोवर हे जलद टपालाने टाकते.

मी तुझ्याशी खोटं बोलले. ती लाजाळू नाही.

ती आणि तिची आई दीड वर्षापूर्वी इथे आल्या, एक पिशवी घेऊन. आई धुलाईच्या दुकानात चादरी इस्त्री करते. बापापासून पळून आल्यात. पोरीच्या डाव्या खांद्याचं हाड त्याने मोडलं होतं, डाव्या हाताने जेवते म्हणून. न्यायालयाने त्याला जवळ फिरकायची मनाई केलीय, पण कागदाने दाराला कडी लागत नाही ना. शाळेत नाव घालताना आईने एकच अट घातली : कुठेही फोटो नको, नाव नको. दीड वर्ष ती पाळली. दर फोटोच्या वेळी ती पोर कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहायची, सगळ्यांचे डबे सांभाळत.

यंदा ढोल आला. फोटोच्या दिवशी ती माझ्या जवळ आली आणि म्हणाली, “बाई, मी ढोलामागे पूर्ण लपले तर? मग तो फोटो नसेलच ना माझा.” मला नाही म्हणवलं नाही, ताई. मी स्वतः वाकून पाहिलं, चेहरा दिसत नाही, वेणी दिसत नाही. मूठ माझ्या लक्षातच आली नाही. तू सात तारखेला लिहिलंस, तेव्हा प्रूफ काढून पाहिली, पण म्हटलं, एका मुठीवरून कोण कुणाला ओळखतं? आणि छापखान्यात पानं लावून झाली होती, सरांना सांगायचं म्हणजे माझी चूक सांगायची. गप्प बसले.

पत्रक हातात पडलं तशी तिने विचारलं, “मी दिसते का?” मी म्हटलं, अजिबात नाही. तिचा चेहराच उतरला. मग तिनेच बोट ठेवून दाखवलं, “हा माझा हात आहे.”

आता सगळ्यात भयंकर. त्या इथे का आल्या माहीत आहे? तिच्या आईने मला सांगितलं होतं. नवऱ्यापासून तासभर लपायला ती वाचनालयात जाऊन बसायची. तिथल्या मांडणीत तिने ‘फाटक’ वाचलं. बाग होती, बॅंड होता, लांबचं गाव होतं. तू ठेवलेली प्रत, ताई. तुझं वाचनालय, तुझं गाव. तू आता ठेवलेली प्रतही त्याच मांडणीत आहे. हे मला माहीत असताना मी तुला दुसरी प्रत पाठवली, कारण दरवर्षी पाठवते.

तो लिफ्टचीच कामं करतो. पण लिफ्टची कामं करणारे पुष्कळ असतात. नीट आठव. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे का? आईने सांगितलंय, यंत्रात गेलंय. तू आठवून कळव, मग मी सरांना सांगते. उगीच घबराट नको. कदाचित दुसराच कुणी असेल. असेलच.

धाकटी

२२ ऑगस्ट, बुधवार

धाकटे,

दुपारी वाचनालयातून फोन करवला, तो तुला मिळाला असेल. ग्रंथपाल बाईंना मी तीनदा बजावलं, फोन माझ्या बहिणीच्याच हातात द्यायला लावा, दुसऱ्या कुणाला सांगू नका : तोच आहे, आत्ता सरांना सांग. तरी सगळं लिहून काढते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

काल ग्रंथपाल बाई तुझा निरोप घेऊन आल्या, पत्रक काढून घ्या. कारण कळलं नाही, पण गेले. पत्रक होतं. पान तीन नव्हतं. पट्टी लावून फाडावं इतकं सरळ फाडलं होतं.

आज सकाळी तुझं पत्र आलं. वाचून होतंय तोच तो दारात. बेल मला ऐकू येत नाही, दार उघडंच होतं. मी मान वर केली तर तो टेबलापाशी उभा. तुझं पत्र मी वहीखाली सरकवलं. त्याने तीच वही ओढून घेतली आणि लिहू लागला. मी हाताकडे पाहिलं. मधलं बोट पेरापासून नाही. वाचनालयात मी त्याचं अक्षर पाहिलं, ऱ्हस्वदीर्घ पाहिलं, आणि हात पाहिला नाही.

त्याने लिहिलं, “बारावीचं नाव काय?” मी म्हटलं, माहीत नाही. त्याने खाली एक रेघ मारली आणि पुन्हा तेच लिहिलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून खोटं बोलले. म्हटलं, तो फोटो यंदाचा नाहीच, जागा भरायला तीन वर्षांपूर्वीचा घातला, ती मुलं केव्हाच शाळा सोडून गेली. माझी नजरचूक, मुद्रितशोधक मीच. हे म्हणताना मला लाजही वाटली, इतकी मी मूर्ख. तो ऐकत होता. मग खिशातून पान काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि अर्ध्या बोटाने एक ओळ दाखवली. “यंदाच शाळेत दाखल झालेल्या मोठ्या ढोलासह.” ही ओळ तुझी. ‘यंदाच’ हा शब्द मी घातला होता, सातव्या तारखेला, लाल पेन्सिलीने. त्याशिवाय वाक्य मला लंगडं वाटलं होतं.

तो हसला. पान घडी करून खिशात ठेवलं, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि गेला. ती खुर्ची सरकवणं मला सगळ्यात भयानक वाटलं. मी चपला न घालता वाचनालयापर्यंत पळाले.

उद्या गुरुवार आहे. सरावाची वेळ मीच दाखवली त्याला. तुझ्यावर रागवायला हवं, दोन आठवडे गप्प बसलीस म्हणून. पण कोणत्या तोंडाने रागवू? तू एक मूठ छापलीस, मी त्याला पत्ता दिला. कळव. काहीही असो, कळव.

ताई

२६ ऑगस्ट

ताई,

पोर त्याच्या हाती लागली नाही. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

फोन बुधवारी दीडला आला. मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, फोटोपासून. मला वाटलं ओरडतील. ते उठले, दार लावलं आणि म्हणाले, “आधी आईला बोलवा.” ती इस्त्रीच्या वासासकट आली. मी हात जोडले, तिने बघितलंही नाही. फक्त म्हणाली, “तुमच्या पत्रकातली बाग बघून आले होते हो मी.”

गुरुवारी सकाळी धुलाईच्या गाडीतून दोघी गेल्या, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. कुठे गेल्या ते सर आणि पोलीस ठाण्यातल्या एक बाई सोडून कुणाला माहीत नाही. मी विचारलं नाही. ताई, मला ते माहीत नसलेलंच बरं.

पोलीस म्हणाले, सराव रोजच्यासारखा घ्या, आमची माणसं पावणेतीनला फाटकावर असतील. शिपाईकाकांना अर्ध्या बोटाची खूण सांगून ठेवली. पोलीस आले तीन चाळीसला. तो आला तीनला, पाच-सात पालकांबरोबर, दोन्ही हात कोटाच्या खिशात. पालकांनी अवश्य यावे, असं आपणच छापलं होतं.

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी तो मागच्या बाकावर बसला आणि मी ओळखलं. सगळे पालक आपापल्या पोराकडे बघत होते. हा मोजत होता.

मोठा ढोल रिकामा उभा होता. मुलांना आम्ही एवढंच सांगितलं होतं, ढोलवाली आजारी आहे. पहिली धून संपली तसा तो उठून पुढे आला, ढोलावर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, “हा कोण वाजवतं?” तेव्हा ते बोट दिसलं. दुसऱ्या ओळीत आमची झांजवाली आहे, दहा वर्षांची, बडबडीमुळे जिला सगळी शाळा ‘रेडिओ’ म्हणते. ढोल तिलाच हवा होता, न मिळाल्यावर दोन दिवस रडली होती आणि मग ढोलवालीची जिवलग मैत्रीण झाली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. झांजा खाली ठेवल्या, ढोलामागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी वाजवते.”

त्याने विचारलं, “कोणत्या हाताने?”

तिने काठी डाव्या हातात घेतली आणि वाजवायला लागली. ताई, ती उजव्या हाताची आहे. ताल पार बिघडला, काठी दोनदा कडेवर आपटली, मनगट दुखत असणार, तोंड वेडंवाकडं होत होतं. पण थांबली नाही. बाकीची दहा जणं तिच्या त्या वेड्यावाकड्या तालावर वाजवायला लागली, जणू रोज असंच वाजवतात. तो म्हणाला, “फोटोत बारा आहेत.” ती वाजवता वाजवताच ओरडली, “आम्ही अकराच आहोत. मधेच शिपाईकाकांची भाची घुसली होती!” तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. दीड वर्ष शेजारी बसून तिला आपलं आपण कळलं होतं, आणि ह्या रेडिओने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो शेवटपर्यंत बसला. मुलांनी एकच धून सहा वेळा वाजवली, कारण थांबायला कुणी तयार नव्हतं. पोलीस त्याला घेऊन गेले, संध्याकाळी ताकीद देऊन सोडलं. शाळेत पालक म्हणून आलो होतो, म्हणाला. जाताना मला म्हणाला, “मुलं छान वाजवतात.” त्याला पटलं की नाही, मला माहीत नाही. शुक्रवारी तो बसथांब्यावर दिसला. काल नाही दिसला. आता दिसला नाही की जास्त भीती वाटते, इथे नाही तर कुठे आहे म्हणून. मी वर्गाचं दार लावून शिकवते. कुणाच्या हातातून पट्टी पडली तरी दचकते.

सरांनी मला काढलं नाही. ‘फाटक’ मात्र काढून घेतलं, आणि बरोबर केलं. त्याआधी एक काम दिलंय. सहाशे प्रती घराघरांत आहेत, परत मागवल्या तर उलट सगळे निरखून बघतील. सर म्हणतात, शुद्धिपत्र काढा, शंभर बारीकसारीक चुकांमध्ये ही एक घाला, मुलगी कधी नव्हतीच असं झालं पाहिजे. मी तीनदा लिहायला बसले. मला जमत नाही. कागदावर तिची ती मूठ दिसते.

तू लिहून देशील?

धाकटी

२९ ऑगस्ट

धाकटे,

रेडिओला माझ्याकडून एक नवी पेन्सिल दे. लाल नको.

तो गावात परत आलाय. काल लिफ्टच्या दुकानाबाहेर पाहिला. म्हणजे निदान काल तरी तो तिथे नव्हता, जिथे त्या दोघी आहेत. मी आता रोज त्या बाजूने जाते, भाजीची पिशवी घेऊन. दिसला की घरी येऊन वहीत तारीख लिहिते आणि ग्रंथपाल बाई ती तुमच्या ठाण्यातल्या बाईंना फोनवर कळवतात. दिसला नाही तर त्याच मिनिटाला कळवतील. मला ऐकू येत नसेल, पण मोजता येतं.

वाचनालयाच्या मांडणीत तुझ्या पत्रकाची जागा रिकामी आहे. तिथे दुसरं काही ठेवू नका असं मी म्हटलं होतं, पण काल पाहिलं तर एक बाई तिथेच उभी होती, रिकाम्या जागेकडे बघत, मधूनमधून दाराकडे वळून पाहत. मी तिला काही विचारलं नाही. ग्रंथपाल बाईंना हळूच खूण केली, त्यांनी तिला आतल्या खोलीत बसवलं.

एकतीस वर्षं मी चूक खोडून बरोबर लिहीत आले. हे पहिल्यांदा उलटं लिहितेय. आणि माझ्याकडची प्रत, भिंग लावून तिची मूठ पाहिली होती ती, मी जाळणार होते. जाळली नाही. पेटीच्या तळाशी ठेवलीय, कुणाला दाखवणार नाही. ती पोर मोठी झाली आणि तिने विचारलं, मी दिसते का, तर कुणाकडे तरी असावी.

खालचं जसंच्या तसं छापायला दे. माझ्या तीन दुरुस्त्या छापखान्यात राहून गेल्या होत्या, त्या कामी आल्या.

शुद्धिपत्र
पान २ : ‘प्रयोगशळा’ ऐवजी ‘प्रयोगशाळा’ वाचावे.
पान ३ : छायाचित्रात बारा विद्यार्थी असल्याचा भास होतो. विद्यार्थी अकरा आहेत.
पान ४ : ‘सात पन्नास’ ऐवजी ‘सात पंधरा’ वाचावे.
पान ६ : ‘उत्साहा’ ऐवजी ‘उत्साह’ वाचावे.

तपासले. छापण्यास हरकत नाही.

ताई